आठशे पंच्याहत्तर किलोमीटर : कराची ते मुंबई, एका हवाई अंतराचा इतिहास

मुंबई आणि कराची या दोन विमानतळांमधले सरळ हवाई अंतर सुमारे ८७५ किलोमीटर आहे. मुंबई-दिल्ली अंतराहून ते बरेच कमी. जेट विमानाला एवढा पल्ला गाठायला सव्वा-दीड तास पुरतो. तरीही आज मुंबईहून कराचीला जायचे झाल्यास प्रवाशाला बहुधा आधी दुबई गाठावी लागते. मुंबई-दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई-कराची सुमारे १,१९० किलोमीटर. म्हणजे ८७५ किलोमीटरसाठी एकूण ३,१०० किलोमीटरहून अधिक प्रवास, आणि मधल्या विमानतळावरची प्रतीक्षा वेगळीच.

भारतीय नागरी हवाई वाहतुकीच्या इतिहासातले एक मानाचे पान याच दोन शहरांदरम्यान लिहिले गेले आहे. १९३२ साली एका इंजिनाचे, लाकूड-कापड-पोलादी नळ्यांचे एक चिमुकले विमान सकाळी कराचीहून निघून दुपारी मुंबईत उतरले होते. हा धागा त्या अंतराचा आहे. शक्य असल्यास नकाशा समोर ठेवून वाचावा.

प्रारंभ कराचीपासून करावा लागतो, कारण त्या काळी आकाशमार्गे हिंदुस्थानात येणाऱ्याला पहिला दरवाजा कराचीचाच लागे.

सुएझ कालवा खुला झाल्यापासून विलायतेची टपाल मुंबईत येत असे. दर आठवड्याला टपालाची आगबोट बॅलार्ड पिअरला लागे आणि तिथूनच उत्तरेकडच्या गाड्या सुटत. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल ही याच व्यवस्थेची लेक. समुद्रमार्गाच्या हिशेबात मुंबई हे हिंदुस्थानचे महाद्वार होते आणि मुंबईकरांना त्याचा सार्थ अभिमानही होता.

विमानाने हा हिशेब उलटवला. सुरुवातीची विमाने किनारा धरून, थोड्या-थोड्या अंतरावर उतरत येत. बगदाद, बसरा, मग इराणी आखाताचा किनारा, मग बलुचिस्तान. अशा मार्गाने येणाऱ्या विमानाला पहिले मोठे शहर लागते ते कराची. ३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजची लंडन-कराची सेवा सुरू झाली. प्रवास सात दिवसांचा, भाडे १३० पौंड. त्यात गंमत अशी, की 'हवाई' म्हणवणाऱ्या या प्रवासाचा बाझल ते जिनोआ हा टप्पा चक्क आगगाडीने पार करावा लागे. पुढे भूमध्य समुद्रावरून उडती बोट, आणि अलेक्झांड्रियापासून पुन्हा विमान.

कराचीचे महत्त्व ब्रिटिशांनी याहून मोठ्या स्वप्नातही जोखले होते. महाकाय वायुजहाजांनी साम्राज्य जोडायचे ठरले, तेव्हा हिंदुस्थानातले त्यांचे स्थानक म्हणून कराचीची निवड झाली. तिथे एक अवाढव्य हँगर उभारले गेले. ज्या जहाजासाठी ते बांधले, ते 'आर १०१' मात्र ५ ऑक्टोबर १९३० रोजी कराचीकडे येताना फ्रान्समध्ये बोव्हेजवळ कोसळले. ४८ माणसे दगावली आणि ती सारी योजनाच गुंडाळली गेली. रिकामे हँगर पुढे अनेक वर्षे कराचीच्या क्षितिजावर उभे होते. एकही वायुजहाज त्यात कधी विसावले नाही.

अशा रीतीने लंडनची टपाल आठवड्याभरात कराचीत पोहोचू लागली. पण पुढे काय? कराचीहून मुंबईकडे येण्यासाठी एक तर आगबोट, नाही तर राजपुतान्यातून मोठा वळसा घेणारी आगगाडी. हवेत वाचवलेला वेळ जमिनीवर येताच गळू लागे. हा दुवा जोडण्याचा एक प्रयत्न १९२० मध्ये झालाही होता. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या पुढाकाराने रॉयल एअर फोर्सच्या विमानांनी कराची-मुंबई टपाल नेली. तो प्रयोग काही आठवड्यांतच आटोपला.

कराची हे त्या वेळी मुंबईला परके शहर नव्हते, हे इथे ध्यानात घ्यायला हवे. सिंध १८४३ मध्ये ब्रिटिशांनी जिंकला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला गेला. तेव्हापासून १ एप्रिल १९३६ पर्यंत कराची आणि मुंबई एकाच प्रांतात होती. सिंधचे प्रतिनिधी मुंबईच्या कायदेमंडळात बसत. महाराष्ट्रातली कारकून, शिक्षक, अधिकारी मंडळी बदलीवर कराचीला जात आणि तिथेच स्थिरावत. सिंधमधल्या पहिल्या सरकारी शाळेला पुढे ज्यांचे नाव मिळाले, ते शिक्षणखात्यातले अधिकारी नारायण जगन्नाथ वैद्य हे याच परंपरेतले. कराचीच्या मुख्य रस्त्यावर ती 'एन. जे. व्ही.' शाळा आजही उभी आहे. फाळणीनंतर तिथेच राहिलेल्या मोजक्या मराठी कुटुंबांचा गणेशोत्सव आजही होतो.

म्हणजे १९३२ चे ते उड्डाण परदेशी तर नव्हतेच. ते एकाच इलाख्याच्या दोन टोकांमधले होते.

योजना मूळची नेव्हिल व्हिन्सेंट यांची. हे रॉयल एअर फोर्समधले माजी वैमानिक. १९२९ च्या सुमारास हिंदुस्थानभर विमानाच्या कसरती दाखवत आणि लोकांना हवेत फिरवून आणत हिंडले होते. कराचीत येऊन पडणारी टपाल अहमदाबाद, मुंबई आणि बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत विमानाने न्यावी, ही कल्पना त्यांनी तरुण जे. आर. डी. टाटांपुढे मांडली. जेआरडींना ती पटवून देण्याची गरजच नव्हती. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना मिळालेला वैमानिक परवाना हिंदुस्थानात दिलेला पहिला परवाना होता. १९३० मध्ये आगाखान पारितोषिकासाठी ते कराचीहून लंडनकडे एकटे उडाले. त्याच स्पर्धेत लंडनहून कराचीकडे निघालेला अस्पी इंजिनिअर हा कराचीत वाढलेला कोवळा तरुण त्यांना इजिप्तमध्ये अबुकीरला भेटला. त्याचे विमान स्पार्क प्लगवाचून अडून पडले होते. जेआरडींनी आपल्याजवळचे प्लग प्रतिस्पर्ध्याला दिले आणि पारितोषिक अस्पीने जिंकले. हाच तरुण पुढे भारतीय हवाई दलाचा प्रमुख झाला.

पटवायचे होते ते घरातल्या वडीलधाऱ्यांना. सर दोराबजी टाटा वृद्धापकाळाने थकले होते. व्यवसाय नवा, जोखमीचा. टाटा कंपनीतले जॉन पीटरसन यांनी जेआरडींची बाजू लावून धरली आणि सुमारे दोन लाख रुपयांच्या भांडवलावर दोराबजींनी संमती दिली. सरकारशी करार एप्रिल १९३२ मध्ये झाला. जगभर मंदी होती. सरकारने अनुदान देण्याचे नाकारले, जेवढी टपाल न्याल तेवढ्या वजनाचा मोबदला मिळेल, एवढेच कबूल केले. जूनमध्ये दोराबजी वारले. आपल्या संमतीतून उडालेले विमान त्यांना पाहता आले नाही.

सारा ताफा दोन 'पस मॉथ' विमानांचा आणि वैमानिक तीन : जेआरडी, व्हिन्सेंट आणि होमी भरुचा. पस मॉथ म्हणजे डी हॅविलंड कंपनीचे बंदिस्त केबिनचे एकपंखी विमान. इंजिनाची ताकद आजच्या एखाद्या साध्या मोटारीएवढी, वेग ताशी साधारण १६० किलोमीटर. रेडिओ नाही. वैमानिकाजवळ नकाशा, होकायंत्र आणि खाली दिसणारी जमीन, एवढेच.

सेवा सप्टेंबरात सुरू व्हायची होती. पावसाने ती महिनाभर लांबवली. कारण मुंबईचा तळ जुहूचा. १९२८ मध्ये सुरू झालेले हे देशातले पहिले नागरी विमानतळ म्हणजे समुद्रकाठची सपाट चिखलवट होती. पावसाळ्यात मोठ्या भरतीला पाणी आत शिरे, आणि धावपट्टीचे तळे होई. पुढे दर पावसाळ्यात टाटांची विमाने पुण्याला हलवली जात आणि येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर उतरत. मुंबईची टपाल पावसाळ्यात पुण्यात उतरे, हे वाचून आजच्या मुंबईकराला हसू येईल. पण जुलै महिन्यात मुंबईच्या आकाशात तासभर घिरट्या घालून विमान दुसरीकडे वळवले जाते, तेव्हा तोही तोच अनुभव घेत असतो.

१५ ऑक्टोबर १९३२. सकाळी साडेसहाच्या सुमारास जेआरडींनी कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून उड्डाण केले. सोबत सुमारे २५ किलो टपाल. प्रवासी कोणी नाही.

सरळ रेषा त्यांनी धरली नाही. कराचीहून मुंबईकडे नकाशावर पट्टी ठेवली तर ती कच्छचा पश्चिम भाग आणि कच्छचे आखात ओलांडते, सौराष्ट्र कापते, आणि उनाजवळ जमीन सोडून शेवटचे सुमारे अडीचशे किलोमीटर उघड्या समुद्रावरून येते. एका इंजिनाच्या, रेडिओविना उडणाऱ्या विमानाला हा मार्ग म्हणजे जिवाशी खेळ. शिवाय वाटेत इंधन हवेच, आणि अहमदाबादची टपालही घ्यायची होती. त्यामुळे मार्ग ठरला तो सिंधूच्या मुखप्रदेशावरून, कच्छच्या रणाचा खारट सपाट पट्टा ओलांडून अहमदाबाद, आणि तिथून दक्षिणेला मुंबई. कराची-अहमदाबाद सुमारे ५९० किलोमीटर, अहमदाबाद-जुहू सुमारे ४४० किलोमीटर. एकूण १,०३० च्या आसपास. सरळ रेषेपेक्षा दीडशे किलोमीटर जास्त. ताशी १६० च्या वेगाने भागून पाहावे : साडेसहा तासांच्या आत-बाहेर. त्यात अहमदाबादचा थांबा मिळवावा. जेआरडी जुहूला उतरले तेव्हा दुपारचे दोन वाजायला काही मिनिटे बाकी होती. सव्वासात तासांचा हिशेब जुळतो.

अहमदाबादच्या थांब्यात एक दृश्य आहे, ते सोडून पुढे जाववत नाही. विमानात भरायचे पेट्रोल डब्यांतून आले, आणि ते डबे आले बैलगाडीतून. विसाव्या शतकातले सर्वांत वेगवान वाहन बैलाच्या चालीची वाट पाहत उभे राहिले. त्या दिवसाचा प्रवासाचा वेळ मोजताना बैलगाडीचा वेगही त्यात धरावा लागतो.

जुहूला टपाल उतरली, पुढची टपाल चढली, आणि व्हिन्सेंट दुसऱ्या विमानातून मद्रासकडे निघाले. बेल्लारीला मुक्काम करून ते दुसऱ्या दिवशी मद्रासला पोहोचले. सेवा आठवड्यातून एकदा, कारण लंडनची टपाल घेऊन विमान कराचीत आठवड्यातून एकदाच येई. पहिल्या वर्षात टाटांनी १५५ प्रवासीही नेले. टपालाच्या पिशव्यांशेजारी बसायची तयारी असलेली ही धाडसी मंडळी. सरकारच्या नागरी विमानखात्याने त्यांच्या शंभर टक्के वक्तशीरपणाची वाखाणणी केली होती. पुढे 'टाटा एअरलाइन्स' आणि १९४६ मध्ये 'एअर इंडिया' हे नामांतर सर्वांना ठाऊक आहे.

सहसा ही कथा इथे, विजयाच्या सुरात संपवली जाते. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्याच महिन्यातली आणखी एक घटना दिसते. ऑक्टोबर १९३२ मध्येच इम्पीरियल एअरवेजला इराणचा किनारा सोडावा लागला. इराणने आपल्या किनाऱ्यावरून जायची परवानगी पुढे चालू ठेवली नाही, म्हणून विमाने आखाताच्या दक्षिणेकडून, शारजामार्गे येऊ लागली. प्रवाशांसाठी शारजाला वाळवंटात गढीवजा विश्रामगृह बांधण्यात आले. जेआरडींच्या विमानातली टपाल ज्या मार्गाने कराचीला येत होती, तो मार्गच एका राज्यकर्त्याच्या नकारामुळे बदलत होता. वाऱ्याने, इंधनाने, पावसाने ठरणारा हवाई मार्ग सरहद्दीनेही ठरतो, हे तेव्हाच दिसले होते. फक्त ती सरहद्द अजून दूरची होती.

पंधरा वर्षांनी ती कराची आणि मुंबईच्या मधोमध आली.

फाळणीनंतर सिंधमधून निघालेले लाखो लोक मुंबईकडे आले. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल उसळल्यावर हा ओघ वाढला. विमानाचे तिकीट थोड्यांच्या आवाक्यातले. बहुतेक जण आगबोटीने आणि आगगाडीने आले. कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावणीत त्यांना आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये तिचे उल्हासनगर झाले. जे अंतर टपालाने सव्वासात तासांत कापले होते, ते या माणसांना कायमचे एकाच दिशेने कापावे लागले.

हवाई नकाशावरही कराचीची जागा सरकली. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला निघाले, ते कैरो आणि जिनिव्हामार्गे. कराचीला थांबण्याची त्याला गरज नव्हती. कॉन्स्टेलेशन जातीच्या त्या विमानाचा पल्लाच मोठा होता. वीस वर्षांपूर्वी कराचीने घेतलेले मुंबईचे महाद्वारपण मुंबईला परत मिळाले, ते काहीसे तंत्रज्ञानामुळे आणि काहीसे फाळणीमुळे.

तरीही दोन्ही शहरांमधली विमाने बंद झाली नव्हती. १५ ऑक्टोबर १९६२ रोजी, त्या पहिल्या उड्डाणाला तीस वर्षे झाली म्हणून, जेआरडींनी जुन्या 'लेपर्ड मॉथ' विमानातून कराची-मुंबई प्रवास पुन्हा केला. कराचीहून निघण्यात तेव्हा फारसे विशेष काही नव्हते.

मग १९६५ चे युद्ध आले आणि आकाश बंद झाले. ताश्कंद करारानंतर ते उघडले. ३० जानेवारी १९७१ रोजी इंडियन एअरलाइन्सचे 'गंगा' हे विमान अपहरण करून लाहोरला नेण्यात आले आणि तिथे ते जाळले गेले. त्यावर भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जाण्यास बंदी केली. या बंदीचा परिणाम कराची-ढाका मार्गावर पाहावा. सरळ अंतर सुमारे २,३५० किलोमीटर. आता पाकिस्तानी विमानांना भारताला समुद्रावरून वळसा घालून कोलंबोमार्गे जावे लागे; अंतर दुपटीहून अधिक झाले. एकाच देशाचे दोन तुकडे एकमेकांपासून इतके दूर गेले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते एका देशाचे राहिलेही नाहीत. बांगलादेशाच्या जन्माची कारणे अर्थातच याहून फार खोल आहेत. त्याचे श्रेय एका हवाई बंदीला देणे पोरकट ठरेल. पण त्या वर्षी पूर्वेकडे सैन्य आणि सामान हलवताना हा वळसा दर खेपेला मोजावा लागत होता, हेही खरे.

१९७६ मध्ये दोन्ही देशांत समझोता होऊन विमाने पुन्हा सुरू झाली. त्या वेळी पाकिस्तानचे पंतप्रधान होते झुल्फिकार अली भुट्टो. त्यांचे वडील सर शाहनवाज भुट्टो एके काळी मुंबई सरकारात मंत्री होते आणि झुल्फिकार स्वतः मुंबईच्या कॅथेड्रल शाळेत शिकलेले. कराची-मुंबई अंतर त्यांना नकाशावर पाहायची गरज नव्हती.

या समझोत्यामुळेच १९८२ चा सोहळा शक्य झाला. १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, पन्नास वर्षे पूर्ण झाल्याच्या दिवशी, ७८ वर्षांचे जेआरडी पुन्हा एकदा लेपर्ड मॉथमध्ये बसले आणि कराचीहून निघून जुहूला उतरले. एकटेच. मधल्या काळात दोन युद्धे झाली होती. मार्ग मात्र तोच राहिला होता.

त्यानंतरचा इतिहास उघडझापीचा आहे. संसदेवरील हल्ल्यानंतर जानेवारी २००२ पासून दोन वर्षे आकाश बंद. २००४ मध्ये खुले. बालाकोटनंतर फेब्रुवारी २०१९ ते जुलै २०१९ पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना बंद. दिल्लीहून इस्तंबूलला थेट जाणाऱ्या इंडिगोच्या विमानाला तेव्हा इंधनासाठी दोह्याला उतरावे लागे, अहमदाबादच्या त्या बैलगाडीची आठवण व्हावी असा हा थांबा. २०१९ नंतर दोन्ही देशांमध्ये थेट नियमित प्रवासी विमानसेवा उरली नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपापले आकाश पुन्हा बंद केले.

मुंबई-कराचीच्या प्रवाशापुरते पाहिले तर याचा अर्थ असा, की १९३२ साली पस मॉथला लागलेल्या सव्वासात तासांशी आजच्या जेट युगातला दुबईमार्गे प्रवास पुष्कळदा बरोबरीही करू शकत नाही. दुबईत जोडविमान लवकर मिळाले तर पारडे जेटकडे झुकते. नाही मिळाले, तर पस मॉथ जिंकते.

आता शेवटचे उड्डाण. १५ ऑक्टोबर २०२१ रोजी आरोही पंडित या तरुण वैमानिकेने जेआरडींच्या पहिल्या उड्डाणाच्या स्मरणार्थ एका हलक्या विमानातून तोच मार्ग पुन्हा उडून दाखवला. अहमदाबादचा थांबा होता, शेवट जुहूलाच होता. प्रारंभ मात्र कराचीहून नव्हता. तो भूजहून झाला. डिसेंबर १९७१ मध्ये पाकिस्तानी बॉम्बनी उखडलेली आणि माधापर गावच्या सुमारे तीनशे बायांनी अहोरात्र राबून दुरुस्त केलेली धावपट्टी ती हीच. भूजहून कराची सरळ हवाई रेषेत सुमारे ३१० किलोमीटर आहे. १९३२ च्या मार्गातला तेवढा भाग त्या दिवशी उडायचा राहिला.